विहिरीत पाणी असताना: मृग बहार आणि ताणाचा इतिहास

आजचा भाग जरा वेगळा आहे. किल्ला नाही, लढाई नाही, तह नाही. पानिपत एकदा येईल, पण फक्त तारखेपुरतं. मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू आहे, पुण्यात दुपारी गॅलरीत उभं राहवत नाही, आणि तिकडे आमच्या गावी, जालना जिल्ह्यात, माझे आजोबा रोज सकाळी मोसंबीच्या बागेत जाऊन एक काम करतात. काम म्हणजे पाणी न देणं.

विहिरीत पाणी आहे बरं का. मोटर चालू आहे, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या आहेत, लाईट रात्री का होईना येते. आणि तरी झाडांना थेंब नाही. पानं मलूल, दुपारी वळलेली, काही पिवळी पडून गळालेली. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, या घरात कुणी मेलं का काय, बागेकडे लक्षच नाही कुणाचं.

याला म्हणतात बाग ताणावर सोडणे. भर उन्हाळ्यात बागेत करायची जी कामं आपल्याकडे शेकडो वर्षं चालत आली, त्यातलं हे सगळ्यात अवघड, असं माझं मत. ऑफिसमध्ये दर तीन महिन्यांनी ताण कमी कसा करावा यावर कुणीतरी व्याख्यान देऊन जातं, आणि मी मागे बसून विचार करतो की आमच्या घरचं उत्पन्नच ताणावर आहे.

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो. २००७ चा मे, मी चौथीची परीक्षा देऊन गावी. बांधाकडच्या ओळीतलं एक झाड माझं होतं, म्हणजे मीच ठरवलेलं, त्याच्या खाली मी कैऱ्या मीठ लावून खायचो. त्या वर्षी ते झाड असं सुकलेलं बघून मला रडू आलं. आबा दुपारी झोपले की हौदातून बादली भरायची आणि ओतायची. चार दिवस, रोज पाच-सहा बादल्या. मला वाटलं, फार मोठं पुण्य केलं. दहा-बारा दिवसांत झाडाला कोवळी हिरवीगार पालवी फुटली आणि मधेमधे चुकार फुलं पण आली. मी आबांना हात धरून दाखवायला नेलं. आबा झाडाकडे बघत राहिले. फुलं उन्हात दोन दिवसांत गळाली. जूनमध्ये बाकीची बाग पांढरी झाली आणि हे एक झाड नुसतं पानांनी भरलेलं. त्या वर्षी त्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी फळं आली.

आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाणी नाही दिलंस बाळा, झोपेतून उठवलंस त्याला."

तर झोप म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. मग इतिहासाकडे जाऊ.

मोसंबी, संत्रं, लिंबू, डाळिंब ही झाडं आपल्याकडच्या हवेत सोडून दिली तर वर्षभर थोडीथोडी वाढत राहतात आणि वर्षभर थोडंथोडं फुलतात. पाच फळं आज, आठ पुढच्या महिन्यात. घरामागे एक झाड असेल तर छान आहे, पण बाजारात गाडी पाठवायची तर सगळी फळं एकदम हवीत. स्पेनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात हे काम हिवाळा करतो. थंडीने झाडाची वाढ थांबते, वसंतात एकदम फूल येतं. आपल्याकडे दख्खनवर तेवढी थंडी नाही. मग माळ्यांनी थंडीचं काम तहानेकडून करून घेतलं. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, पण पानं काही दिवस अन्न बनवत राहतात. ते खर्च होत नाही, फांद्यांत साठतं. मग पाणी मिळालं की तो साठा फुलांवर जातो. पुस्तकात याला कर्ब आणि नत्राचं गुणोत्तर वगैरे म्हणतात. आबांचा शब्द झोप.

वर्षात अशी तीन वेळा झोपवायची सोय आहे, आणि त्यांना तीन बहार म्हणतात. आंब्याला मोहोर येतो तेव्हा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा अंबिया. जून-जुलैत फुलणारा मृग. सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. एका झाडावर एका वर्षात एकच धरायचा. अंबियाला डिसेंबरच्या थंडीची थोडी मदत मिळते. मृगाला मदत कुणाचीच नाही, फक्त ताण.

मृगाचा ताण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला बसतो. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, मध्यम जमिनीत चाळीस-पंचेचाळीस दिवस, भारी काळ्या जमिनीत दोन महिने लागू शकतात, कारण काळी माती पाणी धरून ठेवते आणि झाड लवकर ऐकत नाही. आधी पाणी तोडायचं. मग आळी मोडून हलकी वखरणी करायची, म्हणजे वरची तंतुमुळं थोडी तुटतात आणि माती तापते. जुन्या पद्धतीत याच्याही पुढे जायचे. बुंध्याभोवतीची चार बोटं माती काढून मुळं उघडी करायची, आठवडाभर ऊन खाऊ द्यायचं, केसासारखी बारीक मुळं छाटायची आणि शेणखत घालून पुन्हा झाकायची. माझ्या पणजोबांनी हे केलेलं आबांनी पाहिलंय. आता कुणी करू नका, कृषी विद्यापीठाची माणसं नको म्हणतात आणि बरोबर म्हणतात. मुळाला जखम झाली की पावसाळ्यात बुरशी आत जाते.

मग रोज बघणं. पान मुठीत धरून चुरगाळायचं. साधारण चारातलं एक पान गळालं की ताण पुरा झाला, असं धरतात. त्याच्या पुढे गेलात तर शेंडे वाळायला लागतात, त्याला आमच्याकडे सल म्हणतात, आणि मग ती झोप राहत नाही. मधल्या काळात वाळलेल्या फांद्या काढायच्या, बुंध्यावरचे पाणसोट काढायचे, बुंध्याला बोर्डो लावायचा. ताण तोडतानाही एकदम भरपूर पाणी द्यायचं नाही. पहिलं पाणी हलकं, ते आंबवणी. त्यानंतरचं थोडं जास्त, ते चिंबवणी. मग नेहमीचं. पाऊस वेळेवर आला तर हे सगळं तोच करतो.

बोर्डोची गोष्ट दोन मिनिटांत सांगतो, कारण हा आमच्या बागेतला एकमेव फ्रेंच माणूस. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपास रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. निळी दिसली की माणूस हात लावत नाही. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण जाहीर केलं. आज गावोगाव मेमध्ये मोसंबीचे बुंधे आकाशी रंगवलेले दिसतात ना, ते हेच. आबा मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला.

आता इतिहास.

मला पहिला प्रश्न पडला तो नावाचा. बहार हा फारसी शब्द, अर्थ वसंत. मृग आणि हस्त ही आपली नक्षत्रं. अंबिया आंब्यावरून. तो मलिक अंबरवरून आलेला नाही, मी लहानपणी तसंच समजायचो, आमच्या शेजारच्या औरंगाबादचं, आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, सगळंच त्याच्या नावावर खपतं म्हणून. म्हणजे शब्द अर्धा फारसी, अर्धा पंचांगातला. बाग, बागायत, जिरायत, हे शब्दही फारसीतून आलेले. निजामशाहीत अहमदनगरला फराहबाग आणि हश्त बिहिश्त बाग उभ्या राहिल्या, मलिक अंबरने १७व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहरीने पाणी आणलं. नागपूरचं संत्रंही दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादहून नेलं असं सांगतात. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून आलं असं मानतात, म्हणजे ते पोर्तुगीजांच्या जहाजांशी जोडलेलं. मला या जोडशब्दात दोन माणसं दिसतात. एक बागेचा मालक, जो बहार म्हणतो. दुसरा खाली मातीत बसलेला माळी, जो मृग म्हणतो.

आणि मृग म्हणणाऱ्याकडे नुसतं पंचांग नव्हतं, सरकारी वर्ष होतं. इथे मी खरंच खुर्चीतून उठलो होतो.

मराठेशाहीची जुनी पत्रं पाहिली असतील तर त्यात तारीख विचित्र असते. पानिपतच्या वर्षाचं पत्र घ्या, जानेवारी १७६१ चं. त्यावर वर्ष लिहिलेलं असतं "इहिदे सितैन मया व अलफ". अरबी आकडे अक्षरात: एक, साठ, शंभर, हजार. ११६१. हा शुहूर सन, काही जण अरबी सन म्हणतात. तो सुरू झाला इ.स. १३४४ मध्ये, दिल्लीत मुहम्मद तुघलक असताना. तेव्हा हिजरी सन होता ७४५, तोच आकडा उचलला, पण एक मोठा बदल करून. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, ते ऋतूंतून मागे सरकत जातं. शेतसारा तर पिकावर घ्यायचा. मग आकडा हिजरीचा ठेवला आणि वर्ष सूर्याचं केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर हिजरी सनाचा फोर्क. त्या क्षणापासून दोन्ही आकडे वेगळे होत गेले.

आणि हे सूर्याचं वर्ष बदलायचं कधी? सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. म्हणून याचं आणखी एक नाव मृगसाल. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट सेवेल यांच्या १८९६ च्या कालगणनेवरच्या इंग्रजी पुस्तकात हे सगळं नीट मांडलेलं आहे. शाहजहानच्या काळात दख्खनमध्ये सुरू झालेला फसली सनही मृगापासूनच मोजायचे.

म्हणजे बघा. पुण्याच्या दफ्तरात कारकून वही बदलतोय, आणि त्याच आठवड्यात माळी झाडांचा ताण तोडतोय. आपण गुढीपाडव्याला नवं वर्ष म्हणतो, पण पैशाचं आणि मातीचं नवं वर्ष जूनमध्ये होतं. मे महिना हा वर्षाचा शेवट. बांध घालणं, शेणखत टाकणं, वखरणी, घर शाकारणं, सगळी कामं मृगाच्या आत उरकायची ही जी घाई आजही गावात असते, ती वर्ष संपत आल्याची घाई आहे. उन्हाळ्याच्या मध्यावर बागेत काय करायचं, या प्रश्नाचं इथलं उत्तर नेहमी मागून मोजत यायचं. मृगाला किती दिवस राहिले? चाळीस? मग आज पाणी तोड.

याच्यात एक गंमत आहे आणि सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा किंचित मोठं आहे. साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. आज मृग लागतो सात-आठ जूनला. पानिपतच्या काळात तो चारेक दिवस आधी लागायचा आणि १३४४ मध्ये नऊ-दहा दिवस आधी. म्हणजे हा ठरलेल्या वेळी चालणारा क्रॉन जॉब आहे आणि त्याचं घड्याळ सातशे वर्षं हळूहळू पुढे सरकतंय. एका माणसाच्या आयुष्यात हे कळत नाही, पणजोबा ते नातू एवढ्या अंतरातही एखाददुसरा दिवस. (मागे कुकरची शिट्टी ऐकू आली असेल, माफ करा. खोली एकच आहे.)

आता ताणाचा शोध कुणी लावला? नाव नाही. हे ज्ञान माळ्यांचं होतं, आणि माळ्यांचं ज्ञान हातातून हातात गेलं. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या धंद्यावरून फुले झालं, हे आपल्याला माहीत आहे. पण पेशव्यांच्या बागांत मुळं कधी उघडायची हे कोण ठरवत होतं, त्याची नावं राहिली नाहीत. जमाखर्चात मोटस्थळ किती, पाटस्थळ किती, हे सापडतं, कारण त्यावर सारा होता. ताणावर सारा नव्हता.

लिहून ठेवायला लागले ते इंग्रज. बंगालमधला पाद्री फर्मिंजर, ज्याचं बागकामाचं पुस्तक १८६०च्या दशकात आलं. पुण्यात गणेशखिंडीच्या बागेचा वुड्रो. मुळं उघडी करण्याच्या प्रकाराला इंग्रजी बागकामात, विशेषतः गुलाबाच्या बाबतीत, 'विंटरिंग' हा शब्द रुळला. त्यांच्या डोक्यात झाड झोपतं ते हिवाळ्यात, म्हणून इथल्या उन्हात केलेल्या कामालाही त्यांनी हिवाळ्याचं नाव दिलं. मला हसू येतं, पण त्यांचं निदान बरोबर होतं हे मान्य करावं लागेल. पुढे त्याच गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदी जातीतून एक डाळिंब निवडलं, तेच नंतर 'गणेश' म्हणून महाराष्ट्रभर गेलं. सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत डाळिंबवाले आज बहार धरतात, त्यांच्या मागे ही रांग आहे.

आणि हे फक्त आपलंच आहे असं समजून छाती फुगवायला नको. इटलीत सिसिलीला लिंबाच्या बागा आहेत. तिथे जून-जुलैत मुद्दाम पाणी तोडतात, झाडं पार कोमेजू देतात, मग पाणी आणि खत देतात. सप्टेंबरात फूल येतं आणि पुढच्या उन्हाळ्यात, बाजारात लिंबू नसताना, हिरवट लिंबं तयार. त्यांना 'वेर्देल्ली' म्हणतात आणि या पद्धतीला 'फोर्झातुरा', म्हणजे जबरदस्ती. तिकडे जबरदस्ती, इकडे झोप.

मृग बहारच का, अंबिया का नाही, यामागे मला वाटतं पाणी आहे. विचार करा, मोटेचा जमाना. दोन किंवा चार बैल, कातड्याची मोट, एका विहिरीवर जेमतेम काही एकर भिजणार. मेमध्ये विहीर खाली गेलेली, कडबा संपत आलेला, बैलांच्या बरगड्या दिसतायत. अंबिया धरला असेल तर नेमक्या याच महिन्यात झाडावर कोवळी फळं आहेत आणि त्यांना सगळ्यात जास्त पाणी हवं. मृग धरला असेल तर याच महिन्यात पाणी शून्य. बैलाला विश्रांती, विहिरीला विश्रांती, आणि फूल पावसावर. हा माझा अंदाज आहे, कागद दाखवू शकत नाही, पण मोट हाकलेला कुठलाही म्हातारा माणूस हसून मान डोलावतो.

मग डिझेल इंजिन आलं, विजेची मोटर आली, बोअर आले, शेवटी ठिबक आलं. १९९०-९१ ला राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोरडवाहू गावांत बागा उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच. १९९२, एक हेक्टर, सहा बाय सहा मीटर, २७७ झाडं, जंबेरीच्या खुंटावर मोसंबी. पाणी हाताशी आलं तसे बरेच जण अंबियाकडे वळले. फळ जास्त येतं, व्यापारी तयार असतो. आबांनी मृग सोडला नाही. पप्पांचं आणि त्यांचं यावरून दरवर्षी वाजायचं. पप्पा म्हणायचे, "आबा, पाणी आहे ना विहिरीत, मग कामून तरसवता झाडाला?" आबा म्हणायचे, "आहे म्हणूनच."

हे 'आहे म्हणूनच' मला पंधरा वर्षांचा होईपर्यंत कळलं नाही.

२०१२ ला पाऊस पडला नाही. २०१३ चा उन्हाळा जालन्यात ज्यांनी काढला त्यांना मी काही सांगायला नको. १९७२ नंतरचा सगळ्यात वाईट, असं सगळे म्हणत होते. जानेवारीतच आमच्या विहिरीचा तळ दिसला. दोनशे फुटांचा बोअर घेतला, धूर निघाला. एप्रिलमध्ये झाडांनी पानं वळवली, मेमध्ये चारातलं एक पान गळालं, आणि बाहेरून बघाल तर बाग हुबेहूब ताणावर सोडल्यासारखी दिसत होती. तीच मलूल पानं, तीच तापलेली माती. मी दहावीची परीक्षा देऊन आलो होतो. आबांना म्हटलं, ताण चांगला बसलाय की. मला खरंच तसं वाटलं होतं. ते काही बोलले नाहीत, विहिरीकडे बघत होते.

ताण कधीही तोडता येतो, म्हणून तो ताण. बेचाळिसाव्या दिवशी पान जास्त गळतंय असं वाटलं की मोटर चालू करायची, आंबवणी द्यायची. तो हात मोटरच्या बटणावर असतो. त्या वर्षी बटण होतं, खाली पाणी नव्हतं.

टँकर विकत घेतले. पिण्याच्या पाण्याला टँकर मिळत नव्हते तिथे झाडांना कुठून मिळणार, पण रात्री अकराला, बाराला, मिळेल त्या दराने. आळ्यात उसाचं पाचट अंथरलं. फांद्या निम्म्या छाटून टाकल्या, पानं कमी तर तहान कमी. शेवटी आबांनी आणि पप्पांनी एक दिवस बसून खडूने झाडांवर खुणा केल्या, कुठली जगवायची आणि कुठली सोडायची. बांधाकडच्या ओळीवर खूण नव्हती. ती सोडायची होती. २७७ मधली १०४ झाडं राहिली. बाकीची आम्ही पुढच्या हिवाळ्यात मुळासकट काढली आणि ते लाकूड दोन वर्षं चुलीला पुरलं. आजी म्हणायची, मोसंबीचं लाकूड जळताना वास येतो, तिला जेवण जायचं नाही.

मग २०१५ नंतर थोडी थोडी पुन्हा लावली.

तो झाला पाणी नसल्याचा धडा. उलटा धडा गेल्या वर्षी मिळाला. २०२५ चा मे आठवतोय? तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर छत्र्या शोधत असाल. महिनाभर ठिकठिकाणी अवकाळी पाऊस, आणि मान्सून २६ मेला मुंबईत, नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यात लवकर. रोहिणी लागली न लागली तोच पाऊस. आमच्या बागेचा ताण तेव्हा पंचविसाव्या दिवसावर होता. पंचविसाव्या दिवशी झाड धड झोपलेलं नाही, धड जागं नाही. सगळ्या बागेने तेच केलं जे २००७ ला माझ्या एका झाडाने केलं होतं. पालवी, नुसती पालवी, आणि तुरळक फूल. अशा वेळी वाढ रोखणारं सायकोसेलसारखं औषध फवारतात, त्याने थोडं सावरतं. पप्पांनी फवारलं. थोडं सावरलं. यंदा फेब्रुवारीत माल निघाला तो निम्माही नव्हता.

आबांना याचं दुःख वेगळंच होतं. २०१३ ला पाऊस आला नाही, ते त्यांनी पाहिलेलं होतं, ७२ ला तरुणपणी पाहिलं होतं. पण मृगाच्या आधी, मृगाला न विचारता एवढा पाऊस, हे त्यांना अपमानासारखं वाटलं. मृगाचे लाल मखमली किडे मेमध्येच बांधावर फिरत होते. आबा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांना पण कॅलेंडर कळेना."

त्यामुळे या वर्षी घरात बैठक झाली. मी फोनवर, स्पीकर चालू. पप्पा म्हणाले, सगळी बाग अंबियावर न्यायची, विषय संपला. त्यांचं गणित सरळ आहे: शेततळं केलंय, ठिबक आहे, मेमध्ये पाणी देऊ शकतो, मग पावसाच्या तारखेवर जुगार कशाला? मी म्हटलं, पण २०१३ सारखं वर्ष आलं तर अंबियाची फळं आणि झाडं दोन्ही जातील, मृगवाल्याचं निदान पाणी तरी कमी लागतं. पप्पा म्हणाले, तू लॅपटॉपवरून शेती करू नको. बरोबर आहे त्यांचं. शेवटी ठरलं असं की शेततळ्याकडची निम्मी बाग अंबियावर आणि जुनी १०४ झाडं मृगावर. जुन्या झाडांना तीच सवय आहे, असं आबा म्हणतात. शास्त्रात याला आधार आहे का ते मी शोधलं नाही, शोधणारही नाही.

आबा ब्याऐंशीचे आहेत. विहिरीपर्यंत रोज जाणं जमत नाही, म्हणून दिवाळीत मी मोटरला मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवून दिला. दोन नंबर नोंदवता येतात. एक पप्पांचा, एक माझा. आबा म्हणाले होते, याचा नको, हा लहानपणी बादल्या ओतायचा. सगळे हसले, पण नंबर ठेवला.

रेकॉर्डिंगच्या आधी मी मेसेज उघडून बघितला. विहिरीत दोन परस पाणी आहे, पप्पांनी काल मोजलं. जुन्या बागेचा व्हॉल्व्ह बंद, मोटर बंद. पुण्यात आत्ता ढग आहेत, तिकडे नाहीत. आज ताणाचा सतरावा दिवस.

पुढच्या भागात पुन्हा एका तहाकडे जाऊ, तो राहिलाय. तोपर्यंत तुमच्या घरी कुणी मुळं उघडी करून बहार धरलेला असेल, किंवा मोट हाकलेलं कुणी अजून असेल, तर त्यांना विचारून मला आवाजी मेसेज पाठवा. मे संपायच्या आत विचारा.